जुन्या काउबॉयपटांतून सिनेमॅटोग्राफी शिकता येते का?

प्रश्न: मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीभर शंभर वर्षांपूर्वीचे मूक वेस्टर्न सिनेमे बघते आणि सिनेमॅटोग्राफर व्हायचंय म्हणते. ते तंत्र तर केव्हाच गेलं. वेळ वाया जातोय का? – एक आई, सांगली

ताई, नुसती गोष्ट बघत असेल तर हो. उजेड बघत असेल तर मुळीच नाही. त्या कॅमेरामनकडे आजच्यासारखा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, नव्हतं. ऊन डोळ्यांनी जोखायचं आणि शंका आली तर फिल्मचा छोटा तुकडा धुऊन पाहायचा.

फिजिक्सवालीला हा हिशेब नक्की आवडेल. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ सुटी चित्रं. कॅमेरा हाताने फिरवायचा; हँडलच्या एका फेऱ्याला ८ फ्रेम, म्हणून सेकंदाला दोन फेरे म्हणजे एक फूट. ४०० फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा) ६ मिनिटं ४० सेकंदांत संपायचं. घोड्यांचा पाठलाग पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवताना वेगवान दिसावा म्हणून हँडल मुद्दाम हळू फिरवत. पण सेकंदाला १६ ऐवजी १२ फ्रेम गेल्या की प्रत्येक फ्रेमवर एक तृतीयांश जास्त उजेड पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, तेवढं बारीक केलं नाही, तर उडालेली धूळ पांढरीफटक.

आकाशाचं दुखणं निराळं. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी आणि निळ्याला फार हळवी होती, त्यामुळे निळं आकाश कोऱ्या कागदासारखं येई. लाल फिल्टर लावावा तर फिल्मवर काहीच उमटत नसे. १९२० च्या दशकात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा कुठे त्या फिल्टरने आकाश गडद करता येऊ लागलं. हे घरी करून बघता येतं. कुंकू लावलेला चेहरा आणि मागे निळं आकाश, असा रंगीत फोटो तिला काढू द्या. कॉम्प्युटरवर तो कृष्णधवल करताना फक्त निळा चॅनल ठेवला की कुंकू काळं, आकाश पांढरं. फक्त लाल ठेवला की नेमकं उलट.

मग भर दुपारी कुणाला तरी रुंद काठाची टोपी घालून उभं करा. डोळे सावलीत बुडतील. थर्माकोलचा पांढरा तक्ता छातीच्या उंचीवर, थोडा वर तिरपा धरून ते उजळायचे. तक्ता फार जवळ आला की हनुवटीखाली खोटा उजेड दिसतो.

आता वाट. ‘द कव्हर्ड वॅगन’ (१९२३) हा मूक वेस्टर्न टिपणारा कार्ल ब्राउन आधी बिली बिट्झर या कॅमेरामनचा सहायक होता. आजही सहायकापासूनच सुरुवात होते. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेमधला सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, तेव्हा बी.एस्सी. सोडू देऊ नका. बी.एस्सी.तलं ऑप्टिक्स (प्रकाशशास्त्र) तिला कामी येईल. कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्थाही बघा. दोन्हींकडे प्रवेश परीक्षेतून निवड होते. उरलेल्या वर्षात तिने रोज एक फोटो मॅन्युअलवर, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे स्वतः ठरवून, काढावा आणि वहीत वेळ, शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) लिहावं. आकडे आधी अंदाजाने लिहायचे, मीटर नंतर बघायचा. किती चुकलं, तेही तिथेच नोंदवायचं.