शाळेच्या मळ्यातली भाजी, आणि तिचे पैसे कोणाचे?

प्रश्न: मी गोव्यात बार्देशातल्या एका गावात शाळेत शिकवते. शाळेमागची जागा पडीकच होती, पाऊस गेल्यावर सातवी-आठवीच्या मुलांनी तिथे वाफे घातले, तांबडी भाजी (लाल माठ), मुळा आणि थोडे अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी. तांबडी भाजी सगळी एकदमच तयार झाली. गेटवर टेबल लावून 10 रुपयांना पेंडी विकली, बरीचशी आम्ही टीचर्सनीच घेतली, उरलेली सुकून गेली. एकूण 640 रुपये जमले. ते शाळेच्या खात्यात टाका असं ऑफिसमधून सांगितलंय त्यामुळे मुलं नाराज, आणि एक पालक म्हणतात पोराला शिकायला पाठवतो, राबायला नाही. काय करू?

उत्तर: बाई, आधी पैशांचं बोलते, कारण खरी गाठ तिथेच आहे. मी शिकवत होते त्या शाळेत एका वर्षी भाजीचे पैसे गॅदरिंगच्या पडद्याला गेले, मुलांना कोणी विचारलंच नाही, आणि पुढच्या वर्षी शिंपायला कोण येईना. पैसे खात्यात राहू देत, हरकत नाही, पण हिशोबाची वही मुलांच्या हातात द्या. बी कितीचं, जाळी कितीची, शेण विकत आणलं का, सगळं त्यांनीच लिहायचं. मग त्यांनाच दिसेल की 640 हा नफा नाही, नुसती विक्री आहे. पुढच्या बियांचे पैसे बाजूला काढून उरेल त्याचं काय करायचं ते वर्गात बसून ठरवू दे, आणि ऑफिसने ते मानावं यासाठी तुम्ही थोडं भांडा.

भावाचं म्हणाल तर टीचर्सनी कौतुकाने घेतली ती विक्री मी धरत नाही. चार मुलांना शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्या, भाजी घेऊन बसलेल्या दोन-तीन बायकांना भाव विचारू दे, त्यांची पेंडी केवढी असते ते हातात घेऊन बघू दे. त्याहून स्वस्त विकू नका हं, तिचं घर त्यावर चालतं, आपल्या शाळेमुळे गावातल्या भाजीवालीचं गिऱ्हाईक तुटलं तर काय उपयोग.

एकदम आली कारण एकाच दिवशी पेरली. तांबडी भाजी 25-30 दिवसांत काढायला येते, मुळ्याला 40-45 लागतात, म्हणून दर 8-10 दिवसांनी एकेक वाफा पेरा. बी बारीक असतं, कोरड्या रेतीत मिसळून टाकलं तर दाट पडत नाही. काढायची सकाळी, शाळा भरायच्या आधी, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची, दुपारपर्यंत टिकते.

त्या पालकांवर रागावू नका, त्यांची भीती अगदी खोटी नाही. गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हापासून हाताच्या कामातून शिक्षण की मुलांकडून मजुरी हा वाद चालूच आहे. त्यांना एक दिवस मळ्यावर बोलवा आणि वही दाखवा. काम आठवड्यातून एक-दोन तासच, सगळ्यांनी पाळीपाळीने. कोणाला शिक्षा म्हणून खणायला पाठवायचं नाही, कधीच नाही. आणि मुलींनी पेंड्या बांधायच्या नि मुलग्यांनी गल्ला सांभाळायचा असं आपोआप होतं, मी स्वतः पाहिलंय, तिथे लक्ष ठेवा.

मे महिन्यात पाणी कोण घालणार हा प्रश्न येतोच, तर मार्चमध्ये मळा आवरून घ्या. पुन्हा मिरगाच्या पावसावर भेंडी, दोडकी, काकडी लावा. भेंडी दीडेक महिन्यात तोडायला येते, म्हणजे चतुर्थीपर्यंत तोड चालू राहते, काकडी-दोडकीला तर माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्यासाठी, मागणी असतेच, तेव्हा गेटवर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. फक्त मोकाट गुरांसाठी कुंपण त्याआधी नीट करा.

आणि तांबड्या भाजीची चार जोमदार झाडं बियांसाठी राखा, त्यांना लाल दोरा बांधा, नाहीतर कोणीतरी उपटून पेंडीत घालतं, आमच्याकडे दोनदा झालं.