तळघरात राहिलेले यंत्र

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. ज्या कंत्राटदाराकडे तू चार वर्षे जेसीबीवर ऑपरेटर होतास त्याने दोन मोठी पोकलेन, म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारी खोदयंत्रे, आणली आहेत आणि तुझ्या जुन्या मशीनला आता गिऱ्हाईक शोधले जात आहे. अशा वेळी ते जुनेच मशीन आपण विकत घ्यावे, की कर्ज काढून सरळ पोकलेन घ्यावे, असे तू विचारले आहेस. उत्तर लिहायला बसलो तेव्हा लहान मुलांचे एक चित्रमय पुस्तक मला आठवले. हसू नकोस. यंत्र चालवणाऱ्या माणसाविषयी इतके नेमके लिहिलेले मोठ्यांच्या पुस्तकांतही मी फारसे वाचलेले नाही.

व्हर्जिनिया ली बर्टन या अमेरिकी चित्रकर्तीचे हे पुस्तक १९३९ साली निघाले. माइक मलिगन नावाचा एक माणूस आणि मेरी ॲन हे त्याचे वाफेवर चालणारे खोदयंत्र, एवढ्या दोघांची ही गोष्ट आहे. दोघांनी मिळून कालवे खणले, रेल्वेसाठी डोंगर कापले, उंच इमारतींची तळघरे खोदली. पुढे पेट्रोल, वीज आणि डिझेल यांवर चालणारी यंत्रे आली व वाफेची यंत्रे भंगारात जाऊ लागली किंवा खडीच्या जुन्या खाणींत गंजत पडली. माइकला मेरी ॲनला सोडवेना. पॉपरव्हिल नावाच्या लहानशा गावात नवे सभागृह बांधायचे असल्याचे वाचून तो तिथे गेला आणि तळघर एका दिवसात खणून देतो, न जमल्यास पैसे घेणार नाही, असे सांगून बसला.

शंभर माणसे आठवड्यात जितके खणतील तितके मेरी ॲन एका दिवसात खणेल, असे तो नेहमी सांगत आलेला होता. पण ते खरे आहे की नाही याची त्याची त्यालाच पुरती खात्री नव्हती, हेही लेखिकेने नोंदवून ठेवले आहे. तुझ्या पत्रातले ‘माझे मशीन कुठेही चालते’ हे वाक्य वाचताना मला हेच आठवले. ते तू मोजले आहेस का? तासाला डिझेल किती जाते, वर्षात होज, म्हणजे तेलाची नळी, किती वेळा फुटली, पावसाळ्यात काम किती दिवस बंद राहिले, हे वहीत असेल तरच त्या वाक्याला किंमत आहे.

गावकरी बघायला जमले, आणि जितके लोक वाढले तितके ते दोघे अधिक जोराने खणत गेले. सूर्यास्ताला चारही कोपरे काटकोनात उतरले. मग लक्षात आले, की वर यायला वाटच ठेवलेली नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. कोकण रेल्वेचे काम १९९८ साली पुरे झाले आणि बोगद्यांवरचे आम्ही ऑपरेटर मिळेल त्या कामावर पांगलो. त्यानंतरच्या एका मे महिन्यात मृगाच्या आत एक शेततळे पुरे करायचे होते. बांधावर निम्मी वाडी बघायला उभी होती. त्या भरात मी उतारच कापून काढला आणि रात्री पाऊस लागला. मशीन बाहेर काढण्यासाठी काढलेली माती परत लोटून उतार करावा लागला, त्यात चार दिवस गेले, आणि त्या दिवसांचे डिझेल मालकाने माझ्या पगारातून कापले. कापले ते योग्यच होते.

पोकलेनच्या कर्जाचा प्रश्न मला असाच दिसतो. महामार्गाचे काम आज आहे. ते उरकले की ती सगळी मोठी मशीन कामाच्या शोधात आपल्याच तालुक्यात फिरतील, आणि तुझे हप्ते मात्र जून ते सप्टेंबरही थांबणार नाहीत. उलट, काजू-आंब्याच्या कलमांचे खड्डे, उतारावरच्या घराचा पाया, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, कडेचे गटार, ही कामे लहान मशीनची आहेत. आपल्या वाड्यांच्या अरुंद वाटांनी पोकलेन आत जातच नाही. माइकने शहरात नव्या यंत्रांशी झुंज घेतली नाही, तो पॉपरव्हिल शोधत गेला. गोष्टीतले हे वळण लोक फारसे लक्षात घेत नाहीत.

शेवट तुला सांगूनच टाकतो. एक लहान मुलगा सुचवतो, की मेरी ॲनला तळघरातच राहू द्यावे, तिच्या वाफेने सभागृह उबदार ठेवावे, आणि माइकने इमारतीची देखभाल करावी. ही कल्पना खरोखरच एका मुलाने सुचवलेली होती आणि लेखिकेने पुस्तकात त्याचे आभार मानले आहेत. (आपल्याकडे सभागृह तापवायला बॉयलर लागत नाही, मे महिना पुरतो.) डोंगर कापणारा माणूस तळघरात खुर्ची टाकून बसलेला पाहून मला पुष्कळ वर्षे राग येत असे, आणि तो पुरता गेला आहे असे आजही म्हणणार नाही. मात्र बॉयलर तोच आहे, वाफ तीच आहे आणि ती राखणारा हातही तोच आहे, हे मला निवृत्तीनंतर दिसू लागले. तुझ्या हातात हायड्रॉलिकचे जे ज्ञान आहे ते केवळ बकेट चालवण्यापुरते नाही; तालुक्यात चांगला दुरुस्ती करणारा किती लांबून बोलवावा लागतो, ते तू जाणतोस.

तेव्हा जुने मशीन घेण्याकडे माझा कौल आहे, पण सांगितलेल्या किमतीला नव्हे. रविवारी येताना अवर मीटरचा आकडा, म्हणजे मशीन एकूण किती तास चालले तो, आणि गेल्या दोन वर्षांची दुरुस्तीची बिले घेऊन ये. पंपाचा आवाज मला ऐकायचा आहे, तोवर बयाणा देऊ नकोस.

आईस नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका