ऐतिहासिक आणि रहस्य दोन्ही एकत्र हवं असेल तर अलीकडचं काय वाचावं?

तुम्ही विचारलंय की ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा दोन्ही आवडतात, गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं काहीतरी सुचवा, इंग्रजी चालेल पण सनावळ्यांचं ओझं नको. हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मी पुस्तक कसं निवडते ते सांगते. मी एवढंच बघते की हा गुन्हा, हे रहस्य दुसऱ्या कुठल्या काळात घडलं असतं का? बऱ्याच पुस्तकांत माणसांच्या अंगावर कपडे तेवढे जुने असतात, बाकी बोलणं-वागणं सगळं आजचं, खूनही आजचाच. तो काळ काढून टाकला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. असली पुस्तकं मी पन्नासेक पानांत सोडून देते. मजा कुठे येते, तर त्या काळचा कायदा, रीत, अडचण यातच रहस्याची गाठ असते तिथे.

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अॅरियल लॉहनची 'द फ्रोझन रिव्हर' (२०२३). १७८९ चा हिवाळा, अमेरिकेतल्या मेन भागातलं हॅलोवेल गाव, केनेबेक नदी गोठलीये आणि बर्फात एका माणसाचं प्रेत अडकलंय. तपासायला बोलावतात मार्था बॅलार्डला, आणि ती आहे गावची सुईण. ती म्हणते याला मारलंय, आणि नवीन आलेला डॉक्टर म्हणतो बुडून मेला. आता ही मार्था खरी बाई होती बरं का, १७८५ पासून १८१२ पर्यंत तिने रोज डायरी लिहिली, हवा कशी होती, कोणाचं बाळंतपण केलं, किती पैसे मिळाले, अशा एक-दोन ओळी, आणि आठशेच्या वर बाळंतपणांची नोंद आहे त्यात. लेखिकेने त्या कोरड्या ओळींच्या मधली जागा भरलीये. आणि माझ्या कसोटीला उतरणारी गोष्ट अशी की त्या काळी लग्न न झालेली बाई बाळंत होत असताना सुईणीने तिला बाळाच्या बापाचं नाव विचारायचं, ऐन कळांमध्ये, आणि तिने सांगितलेलं नाव कोर्टात साक्ष म्हणून धरलं जायचं! म्हणजे गावातली सगळी गुपितं या एका बाईच्या वहीत. मेलेला माणूस हा पाद्र्याच्या बायकोवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या दोघांपैकी एक असतो, त्यामुळे 'कोणी मारलं' यापेक्षा 'कोणाचं म्हणणं खरं धरलं जाणार' हाच प्रश्न डोक्यात राहतो. मी दोनदा वाचलंय. दुसऱ्यांदा वाचताना खुनी माहीत असूनही खाली ठेववलं नाही.

तसंच सुजाता मॅसीचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८), भारतात ते 'अ मर्डर ऑन मलबार हिल' नावाने निघालं. १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. एका मुस्लिम गिरणीमालकाच्या तीन विधवा आपला हक्क सोडून देतायत असा कागद येतो आणि सह्या बघून परवीनला शंका येते. या तिघी गोषात, घरचा मुखत्यार सगळं बघतो, परका पुरुष त्यांच्याशी समोरासमोर बोलूच शकत नाही. म्हणजे मुंबईतला कितीही मोठा वकील असो, त्याला दाराबाहेरच थांबावं लागणार आणि कोर्टात उभं राहायची मुभा नसलेली परवीन मात्र थेट आत जाणार (बायकांना वकिलीची वाट कायद्याने उघडली ती १९२३ साली). परवीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली बाई, त्यांनी खरोखरच गोषातल्या बायकांसाठी काम केलं होतं. मधेमधे परवीनच्या लग्नाची जुनी गोष्ट येते, काहींना ती लांबट वाटते, मला मात्र खुनाच्या तपासापेक्षा तीच जास्त लागली. पुढचे भागही आहेत पण सुरुवात इथूनच करा.

भारतातलंच अजून हवं असेल तर अबीर मुखर्जींचं 'अ रायझिंग मॅन' (२०१६). एप्रिल १९१९ चं कलकत्ता, एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून, नुकताच आलेला इंग्रज पोलिस अधिकारी विंडहॅम आणि त्याचा बंगाली सहकारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी, ज्याचं नाव साहेबांना उच्चारता येत नाही म्हणून ते त्याला 'सरेंडर-नॉट' करून टाकतात. एप्रिल १९१९ म्हटल्यावर जालियनवाला बाग आठवलीच असेल, ती सावली पुस्तकावर आहेच. वसीम खानचं 'मिडनाइट अॅट मलबार हाउस' (२०२०) पण छान आहे, ३१ डिसेंबर १९४९ ची रात्र, प्रजासत्ताक व्हायला महिना पण नाही आणि पर्सिस वाडिया ही देशातली पहिली महिला इन्स्पेक्टर, अर्थात काल्पनिक. हे जरा हलकं, भराभर वाचून होणारं.

आता खून नसलेलं पण तेवढंच खेचून ठेवणारं. मॅगी ओ'फॅरेलचं 'हॅम्नेट' (२०२०) वाचाच. शेक्सपिअरचा मुलगा १५९६ साली अकराव्या वर्षी गेला, एवढ्याशा माहितीवर उभं राहिलेलं पुस्तक आणि अख्ख्या पुस्तकात शेक्सपिअरचं नाव एकदाही येत नाही. त्यात एक प्रकरण आहे ज्यात प्लेगची एक पिसू अलेक्झांड्रियाहून निघून जहाजातून, माणसांमाणसांतून त्या मुलाच्या घरापर्यंत कशी पोचते एवढंच सांगितलंय. काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि तरी वाचताना श्वास अडकतो. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी शिकावं असं प्रकरण आहे ते.

पाठलाग आवडत असेल तर रॉबर्ट हॅरिसचं 'अॅक्ट ऑफ ऑब्लिव्हियन' (२०२२). इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमावर ५९ जणांच्या सह्या होत्या, त्यातला एक आणि त्याचा जावई, तोही सही करणाराच, असे दोघं १६६० साली, चार्ल्सचा मुलगा गादीवर आल्यावर, अमेरिकेत पळतात. दोघंही खरे, त्यांच्या मागावर असलेला माणूस तेवढा लेखकाच्या कल्पनेतला.

स्टुअर्ट टर्टनचं 'द डेव्हिल अँड द डार्क वॉटर' (२०२०) मात्र इतिहासासाठी वाचू नका. १६३४ साली बटाव्हियाहून (म्हणजे आजचं जकार्ता) अॅमस्टरडॅमला निघालेलं जहाज, डिटेक्टिव्ह स्वतःच कोठडीत आणि तपास त्याच्या अंगरक्षकाला करायचाय, कल्पना झकास आहे. पण लेखकाने शेवटी स्वतःच इतिहासाची माफी मागितलीये, त्यामुळे मला राग आला नाही.

हिलरी मँटेलची आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावरची तीन पुस्तकं लोक तुम्हाला सुचवतीलच, 'वुल्फ हॉल'पासून सुरू होणारी. थोर आहेत, पण तुम्ही म्हणताय तसं ओझं नको असेल तर लगेच नको. पात्रं खूप आहेत आणि नुसतं 'तो' म्हटलं की बहुतेक वेळा क्रॉमवेल समजायचा हे कळेपर्यंतच मी पहिल्या वेळी वैतागून सोडलं होतं. वर्षभराने परत घेतलं तेव्हा आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

आधी 'द फ्रोझन रिव्हर' घ्या. ते आवडलं तर परवीन, आणि मार्थाच्या डायरीतल्या त्या कोरड्या ओळीच जास्त भावल्या तर 'हॅम्नेट'. वाचून झालं की इथेच लिहा, कुठलं जमलं कुठलं नाही, त्यावरून पुढचं सांगते.