वडील आखातात वेल्डर होते. वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की वडील कुवेतमध्ये पाइप वेल्डर होते, दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, त्यामुळे तुमची त्यांच्याशी धड ओळखच झाली नाही. आता वर्षश्राद्धाला सगळे जमणार, तेव्हा "कष्टाळू होते, कुटुंबवत्सल होते" यापलीकडे काय बोलायचं?

आधी ते दोन शब्द खोडा. ते गावातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतात, ज्याने आयुष्यभर पारावर पत्ते कुटले त्याच्यासुद्धा. वडिलांचं काम काय होतं ते सांगा. जमलेल्यांपैकी एकालाही ते ठाऊक नसेल, पैज लावते.

माझे बाबा पण वेल्डर. आम्ही खेड तालुक्यातले. बाबा मुंबईत दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजं तोडायचे त्या बंदराच्या भागात, एका गाळ्यावर हेल्पर म्हणून लागले, भंगारातल्या जहाजांचे पत्रे कापता कापता गॅस कटिंग शिकले, मग वेल्डिंग. तिथून कुवेत. गावाला वाटायचं, एजंटला पैसे चारले की झालं. पण पाइप वेल्डरची मुंबईतच ट्रेड टेस्ट व्हायची. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच वाकून, बसून, मान मोडून त्याच्या भोवती जायचं आणि खालून वर जोड आणायचा. मग तो जोड कापून त्याच्या पट्ट्या पाडायच्या आणि वाकवायच्या. चीर दिसली की घरी जा. तिकडे रिफायनरीत जोडांचे एक्सरे निघायचे आणि प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर लिहिलेला असायचा. कोणाचा जोड नापास झाला हे सगळ्या साइटला कळायचं. सुट्टीत आले की बाबा लोकांच्या खिडक्यांचे ग्रिल बघत फिरायचे. आमच्या शाळेच्या नव्या गेटवर त्यांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "हे जोडलेलं नाय, चिकटवलंय." पुढच्या पावसाळ्यात त्याचं बिजागर सुटलं.

आणि डोळे. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड, डोळ्यांना लागली की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. खोलीतली माणसं कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून झोपायची, हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. आई हसली नव्हती.

आता १९९० चं सांगते, कारण तिथेच माझं दुखणं आहे. २ ऑगस्टला इराक कुवेतमध्ये घुसला आणि आमच्याकडे पत्रं बंद झाली. त्या वर्षी गणपती ऑगस्टातच होते. चाकरमानी आले, आरत्या झाल्या, आणि दर बातमीला सगळं घर रेडिओला कान लावून. बाबा कुवेतमधल्या फहाहीलहून बसने निघाले, बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर तंबूत, शेवटी अम्मानहून विमानाने मुंबई. एअर इंडियाने तेव्हा दोनेक महिन्यांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं आणली, त्यातले एक आमचे बाबा. घरी पोचले ते नेमके पितृपक्षात. आत्याने कपाळाला हात लावला, "अरे, पक्षात कसा आलास?" बाबा म्हणाले, "मग वाढ, जेवूनच जातो."

पिशवीत दोन शर्ट, हेल्मेटची काळी काच आणि कुवेती दिनारची पुडकी, जिला मुंबईत कोणी भाव देईना. काकांनी पिशवी उलटी करून बघितली, खरोखर उलटी केली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढी वर्षं राहून हेच आणलंस?" बाबा काही बोलले नाहीत. आठवड्याभरात लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागले. कुवेत इराकच्या ताब्यातून सुटल्यावर तिथल्या मीना अल अहमदीच्या रिफायनरीची दुरुस्ती निघाली, तेव्हा पुन्हा गेले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाने तिथून पळावं लागलेल्यांना भरपाई दिली, एकट्या माणसाला २,५०० डॉलर किंवा बाकीचे दावे सोडले तर ४,०००. ती आली तेव्हा काकांना आठवलं की आपलं कुटुंब एकत्र आहे. वाटा मागितला. बाबांनी दिलाही.

हेच काका बाबांच्या तेराव्याला उठून म्हणाले, "भाऊ पैसे पाठवायचा, संसार आम्ही सांभाळला." मी आत जाऊन पत्रांचा गठ्ठा आणला आणि त्यातलं एक मोठ्याने वाचलं. "ड्राफ्ट पाठविला आहे. मिरगाआधी घर शाकारून घेणे. आईस चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे, एसटीने नको, जीप करणे. धाकटीला गणितात गुण कमी का, मास्तरांना विचारून कळविणे." खाली सही, बस. मायेचा एक शब्द नाही. पण त्यांना तिथे बसून पडवीचं कोणतं कौल गळतं ते माहीत होतं, आणि काका त्याच पडवीत झोपायचे. काका उठून बाहेर गेले. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

तर तुम्ही घरातली पत्रं काढा. नसतील तर ड्राफ्टच्या पावत्या, जुने पासपोर्ट. शिक्क्यांवरून कोणत्या साली कुठे होते ते लागतं. त्यांच्या खोलीत राहिलेला एखादा माणूस जिवंत असेल तर त्याला फोन करा, तुमच्या आईपेक्षा जास्त गोष्टी त्याला माहीत असतील.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं माझ्या बाबांचं आहे. गल्फला जाऊन घर विसरलेलेही होते, आमच्याच वाडीत एक आहे. तुमचे वडील तसे असतील तर उगाच देव करू नका. आणि आईला विचारल्याशिवाय तर एक वाक्य बोलू नका. माझी आई ते पत्र ऐकून म्हणाली, "जीप मीच शोधली होती, चार दिवस." ते मी तेव्हा बोलायला हवं होतं असं तिचं म्हणणं आहे, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं.

पाच मिनिटं पुरेत. आणि तुमच्याकडेही काका असतील, तर त्यांच्यानंतर बोला, आधी नको.