शिक्षक-प्रशिक्षण चालू असताना वर्गासाठी कोणती डिजिटल टूल्स शिकून घ्यावीत?

तुमच्या प्रश्नाखालची यादी वाचली आणि राहवलं नाही. क्विझ, मतचाचणी, सामायिक फलक, व्हिडिओ, आकृत्या, सिम्युलेशन अशा कामांची टूल्स: काहूट, क्विझिझ, मेंटीमीटर, पॅडलेट, एडपझल, कॅनव्हा, जिओजेब्रा, फेट, एचफाइव्हपी, वर एआयवाली दोन-तीन. यातली किती आली म्हणजे पुरे, असं तुम्ही विचारताय, कारण परीक्षेच्या पाठात किमान तीन डिजिटल साधनं दिसली पाहिजेत असं तुम्हाला सांगितलंय. या 'किमान तीन'शी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ उत्तर. दोन पुरे. एक असं, की ज्यातून प्रत्येक मुलाच्या डोक्यात या घडीला काय आहे ते तुम्हाला कळेल. दुसरं असं, की तुमच्या विषयात जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवेल. बाकीची यादी बाजूला ठेवा. नोकरीत गरज पडली की ती एखाद्या दुपारी जमून जातात, मुद्दाम सोपीच केलेली असतात.

आता वैर कसलं ते सांगते. माझा विषय विज्ञान. मी स्वतः प्रशिक्षण घेत असताना सराव पाठ होता साध्या विद्युत परिपथावर. निरीक्षक सरांच्या आग्रहाखातर टाचणात सगळा थाट मांडला होता: सुरुवातीला ॲनिमेशन, मग स्लाइड्स, मग फेटचं सिम्युलेशन (स्क्रीनवर हाताळता येणारा प्रयोग), शेवटी क्विझ. प्रत्येकासमोर मिनिटं लिहिलेली. ॲनिमेशन संपल्यावर मी स्लाइड्सच्या आधी एकच प्रश्न टाकला, प्लिकर्सवर. तुमच्या यादीत हे नाही म्हणून सांगते. यात प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असतं. त्यावरची काळी आकृती प्रत्येकाची वेगळी आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं अगदी बारीक. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर धरायची. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय म्हटलं ते नावानिशी येतं. मुलांकडे फोन नको, टॅब नको, आणि शेजाऱ्याचं कार्ड बघून पटकन काही कळतही नाही.

प्रश्न असा होता. एक सेल, त्याला दोन अगदी सारखे बल्ब एकसर जोडणीत. कोणता जास्त उजळ लागेल? धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, दोन्ही सारखे, की दुसरा लागणारच नाही?

अर्ध्याहून जास्त वर्गाने धन टोकाजवळचा निवडला. यातल्याच काही मुलांनी थोड्या वेळापूर्वी विद्युतधारेची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती. मी विचारलं, का रे? तर म्हणे, पहिला बल्ब करंट वापरून टाकतो, दुसऱ्याला उरलेला मिळतो. ही समजूत माझ्या वर्गाची खासियत नव्हे. जगभर मुलांच्या डोक्यात ती असते आणि विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी ती वर्षानुवर्षं नोंदवली आहे. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या फोनवर, आपल्या मुलांच्या नावापुढे ती दिसणं वेगळं.

मी प्रोजेक्टर बंद केला. म्हटलं, ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा एक जण शोधा आणि त्याला पटवा. ही युक्ती माझी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये आपल्या तासाला हेच सुरू केलं. त्यांचा ठोकताळा असा: बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर मुलांना आपसात भिडू द्यावं, त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवावं, जास्त असतील तर पुढे जावं.

वर्गात जो कालवा झाला तो अजून आठवतो. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "सेल उलटा लावला तर मग पहिला बल्ब कोणता?" समोरचा गप्प. दुसरीकडे एक मुलगा आपल्याच मित्राला विचारत होता, "करंट जर बल्बमध्ये संपतोय, तर दुसरी वायर परत सेलला कशाला जोडायची? सोडून दे की लोंबकळत." हे वाक्य माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं आणि मला सुचलंही नसतं. पुन्हा कार्डं वर केली. बरीच मुलं 'दोन्ही सारखे' या बरोबर उत्तरावर आली होती, सगळी नाही. मग खरे बल्ब लावून दाखवले, आणि सर्वांत शेवटी फेटचं सिम्युलेशन लावलं. त्यात इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके तारेतून सरकताना दिसतात. बल्बच्या आधी आणि बल्बच्या नंतर त्यांचा वेग तोच, कुठे एक ठिपका कमी होत नाही. अजूनही अडून बसलेल्यांना तिथे विचार करावा लागला. तास संपला. निम्म्या स्लाइड्स आणि आख्खी क्विझ तशीच राहिली.

शेरा आला: पाठ नियोजनानुसार पूर्ण नाही. डिजिटल साधनांचा वापर अपुरा. प्रोजेक्टर बराच वेळ बंद.

त्याच दिवशी माझ्या एका सहाध्यायीच्या पाठाला 'तंत्रज्ञानाचा उत्कृष्ट वापर' असा शेरा होता. त्या पाठाला मी मागे बसले होते. क्विझ, संगीत, उलटी मोजणी, विजेत्यांचा मंच, आरडाओरडा, सगळं यथासांग. माझ्या शेजारचा मुलगा प्रश्न पुरता वाचायच्या आत बटण दाबत होता, कारण लवकर उत्तर दिलं की जास्त गुण. तो वरच्या पाचात आला. कोणता प्रश्न किती जणांचा चुकला, याचा तक्ता अशी टूल्स शेवटी देतातच, पण तो कोणी उघडलासुद्धा नाही. आणि खरं तर वेगाचे गुण बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये बंद करता येतात. पण मग आरडाओरडा होत नाही ना.

मी सरांना भेटायला गेले. ते म्हणाले, "मुलं गुंतलेली दिसली पाहिजेत." मी म्हटलं, माझी गुंतलेली नव्हती का? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी तेव्हा गप्प बसले, पण उत्तर आजवर देतेच आहे. "मॅडम, तुमचा हा पाठ फळ्या-खडूवरही झाला असता."

झालाच असता! यात कमीपणा कसला? मझूर यांच्या पद्धतीत रिमोटसारखे क्लिकर चांगले की हातातली साधी कार्डं चांगली, हे भौतिकशास्त्र-शिक्षणाचे अभ्यासक नॅथॅनिअल लॅसरी यांनी तपासलं. २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. पद्धत तीच होती, म्हणून फळही तेच. त्याआधी १९८३ मध्ये शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी हेच जास्त बोचरं करून मांडलं होतं: माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक, ट्रकमुळे कोणाचं पोषण सुधारत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझ्मा यांनी पुढे त्यांच्याशी वाद घातला, म्हणाले की काही गोष्टी ठरावीक माध्यमातच जमतात. फेटचे सरकते ठिपके पाहिल्यावर मला कोझ्मांचंही पटतं. पण 'किमान तीन ट्रक आणा' असं या दोघांपैकी कोणीच म्हटलेलं नाही.

मग प्लिकर्स तरी का वापरलं, हात वर करायला का नाही सांगितलं? कारण हात वर करायला सांगितलं की मुलं आधी वर्गातल्या हुशार मुलाकडे बघतात. कार्डांनी तो प्रश्न सुटतो, आणि फोनमुळे दोन्ही वेळची उत्तरं नावासकट साठवली जातात. कोण शेवटपर्यंत चुकीच्या उत्तरावर होतं ते मला त्या रात्री दिसलं. फळ्यावर हे दिसत नाही. टूलने जर मला मुलांबद्दल काही नवं सांगितलं नाही, तर ते माझ्या दृष्टीने सजावट.

टीपॅक (विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तिन्हींच्या ज्ञानाचा मेळ सांगणारी चौकट) आणि सॅमर (तंत्रज्ञानाच्या वापराचे नुसत्या बदलीपासून 'पुनर्व्याख्ये'पर्यंतचे चार टप्पे) तुम्हाला शिकवलं असेलच. टीपॅक चांगलं आहे, कारण त्यात विषय आणि अध्यापन यांचा हात सोडता येत नाही. सॅमरची मात्र लोकांनी शिडी करून टाकली आहे. वरच्या पायरीवरचं ते श्रेष्ठ, खालचं ते मागास, आणि प्रशिक्षणार्थी बिचारे एका साध्या गुणाकाराच्या पाठात 'पुनर्व्याख्या' शोधत बसतात. माझं मत कडक आहे, पण ते हेच.

तुमच्या यादीबद्दल थोडं. गणित शिकवणार असाल तर जिओजेब्रा घ्या, डोळे मिटून. मार्कुस होहेनवार्टर यांनी ते साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थिदशेत सुरू केलं आणि आज त्याला तोड नाही. फक्त त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढण्याआधी थांबा आणि विचारा, काय बदलेल, काय बदलणार नाही? उत्तर वहीत लिहून झालं की मगच ओढा. न विचारता ओढलात तर तो सिनेमा झाला. विज्ञानाला फेट, कोलोरॅडो विद्यापीठाचं. नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन्स उतरवून ठेवता येतात, म्हणजे नेट गेलं तरी पाठ अडत नाही. भाषेला माझ्या मते सगळ्यांत उपयोगी म्हणजे साधी सामायिक डॉक्युमेंट फाइल, जिच्यात आधीच्या आवृत्त्या बघता येतात. निबंधाचा पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा यात मुलाने काय खोडलं, हे पाहायला मिळणं म्हणजे चैन आहे. इतिहास-भूगोलाबद्दल मी बोलत नाही, त्यातली माणसं बोलतील.

एआयला प्रश्न तयार करायला सांगता येतं, पण चुकीचे पर्याय त्याच्यावर सोपवू नका. ते पर्याय वाचायला चुकीचे असतात, मुलांच्या डोक्यात असतातच असं नाही. 'पहिला बल्ब करंट खातो' हा पर्याय मला वह्या तपासताना सापडला होता.

आणि बटणं पाठ करण्यात वर्ष घालवू नका. जॅमबोर्डवर कितीतरी शिक्षकांनी कार्यशाळा केल्या, गूगलने ते २०२४ च्या अखेरीस बंद केलं. मुलांकडून व्हिडिओ उत्तरं मागवायचं फ्लिप त्याच वर्षी स्वतंत्र टूल म्हणून संपलं. तुमच्या यादीतल्या क्विझिझचं नाव २०२५ मध्ये वेग्राउंड झालं. प्रश्न आणि मुलांची कामं आपल्याकडे साध्या फाइलीत उतरवून ठेवायची सवय लावा.

आता माझ्याच बोलण्याला दोन-तीन आवर. ज्या मुलांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं किंवा वाचन जड जातं, त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर, व्हिडिओखालची अक्षरं, मजकूर मोठा करणं हे सजावट नाही आणि त्यात 'फळ्यावर झालं असतं' हे चालत नाही. ते टूल तिसरं असो की दहावं, आणायचंच. दुसरं, 'खऱ्या बल्बपुढे सिम्युलेशन खोटं' असं कोणी माझ्या गोष्टीतून काढू नये. फेटच्याच चमूने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खरा परिपथ जोडण्यातही प्रत्यक्ष साहित्यावर शिकलेल्यांना मागे टाकलं होतं. तिसरं, १३ वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच सेवा स्वतःचं खातं उघडू देत नाहीत, तेव्हा अटी वाचा, आणि मुलांच्या पूर्ण नावांऐवजी हजेरी क्रमांक टाका.

राहिला परीक्षेचा पाठ. तीन म्हटलंय तर तीन दाखवा, त्यासाठी गुण घालवू नका. पण टाचणातल्या साधनांच्या रकान्यात नुसतं नाव लिहून सोडू नका. प्रत्येकापुढे लिहा: यातून मला मुलांबद्दल काय कळेल, आणि अमुक उत्तर आलं तर मी पुढे काय करीन. 'निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली तर प्रोजेक्टर बंद करून जोड्यांत चर्चा, उरलेल्या स्लाइड्स वगळणार' हे आधीच लिहिलेलं असलं की त्याला कोणी अपुरा वापर म्हणू शकत नाही, ते नियोजनच ठरतं. आमच्या सरांपुढे असा कागद असता तर शेरा काय लिहिला असता, हे बघायला मला फार आवडलं असतं.

प्लिकर्सची कार्डं छापणार असाल तर जाड कागदावर छापा आणि वर चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकून कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.