हो ची मिन्ह सिटीत घर मांडायचंय: किराणा, कापड, सामान काय नावाने मागायचं आणि इथून काय न्यायचं?

तुमचा प्रश्न असा आहे : दोन वर्षांसाठी हो ची मिन्ह सिटीत राहायला जाताय, बरोबर लहान मूल आहे, घरात बहुतेक शाकाहारी स्वयंपाक. काय इथून न्यावं, काय तिथे घ्यावं आणि फसायला कुठे होतं?

खरं सांगायचं तर तिथे वस्तू न मिळण्याची अडचण फारशी नाही. अडचण नावाची आहे. डाळ, तांदळाचं पीठ, गूळ, मायाळू सगळं समोर ठेवलेलं असतं आणि आपण रिकाम्या हाताने परततो, कारण पुडीवर काय लिहिलंय ते कळत नाही. म्हणून दुकानांच्या यादीपेक्षा शब्दच जास्त देते. उच्चार कानाला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. लेबलं रोमन अक्षरांत वर-खाली चिन्हं लावून छापलेली असतात, तेव्हा मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप आधीच टाकून ठेवा.

मूल आहे म्हणून दुधापासून सुरुवात. तिथल्या दुकानात दुधाचा जो डबा आधी हाताला लागतो तो बऱ्याचदा साखर घातलेला असतो. लेबलावर 'को डूअंग' म्हणजे साखरेसह, 'ईत डूअंग' म्हणजे कमी साखर, 'खोंग डूअंग' म्हणजे बिनसाखर. चहा, दही, पनीर सगळ्याला 'खोंग डूअंग'च हवं. साखरेच्या दुधाचं पनीर करायला घेतलंत तर गोड चोथा हातात येईल. दुसरा फरक 'थान चूंग' आणि 'तिएत चूंग' यांचा. पहिलं फ्रीजमध्ये ठेवलेलं पाश्चराइज्ड दूध, ते आपल्या पिशवीच्या दुधाच्या जवळचं. दुसरं टेट्रा पॅकमधलं, महिनोन्‌महिने टिकणारं. पनीर थान चूंगचं चांगलं होतं. तिएत चूंग फार तापवलेलं असल्याने चोथा भुसभुशीत राहतो. दही मात्र दोन्हीचं लागतं. विरजणाला 'सूआ चूआ खोंग डूअंग' म्हणजे बिनसाखरेच्या दह्याची १०० ग्रॅमची डबी आणा. तिथल्या हवेत ते पाच-सहा तासांत लागतं, रात्रभर ठेवलं तर आंबट होतं.

तूप घरी करणंच उत्तम. 'बऽ लात' म्हणजे बिनमिठाचं लोणी. अर्धा किलो कढवलं की साधारण ४०० ग्रॅम तूप पडतं. पण 'बऽ' या एकाच शब्दाचे तीन घोळ आहेत. भाजीवाल्याकडे 'बऽ' म्हणजे ॲव्होकाडो, 'बऽ थुक वात' म्हणजे मार्जरीन, आणि नुसतं 'बऽ' लिहिलेल्या लोण्यात मीठ असू शकतं. मार्जरीन कढवून तूप होत नाही, नुसतं तेल दिसतं आणि वास येतो.

पिठांचं प्रकरण सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुड्या दिसायला अगदी सारख्या असतात. 'बोट गाओ' म्हणजे साध्या तांदळाचं पीठ, 'बोट नेप' म्हणजे चिकट तांदळाचं, 'बोट नांग' म्हणजे टॅपिओकाचं सत्त्व. भाकरी, घावन, उकड यांना बोट गाओ. ते आपल्या गिरणीच्या पिठापेक्षा खूप बारीक असतं, गार पाण्यात भिजवलं की थापताना कडा फाटतात. पाणी उकळतंच हवं. मोदकांसाठी एक वाटी बोट गाओला एक ते दोन चमचे बोट नेप मिसळा, कळ्या मोडत नाहीत. चुकून नुसतं बोट नेप घेतलं तर उकड हाताला चिकटेल, मोदक वाफवताना बसतील. त्यात पाणी-तेल घालून सुधारायला जाऊ नका, वेगळं पीठ आणा.

'बोट मी' म्हणजे गव्हाचं पीठ, पण तो मैदा. पुडीवरचे ८, ११, १३ हे आकडे त्यातलं प्रथिनांचं प्रमाण सांगतात : ८ केकला, ११ सर्वसाधारण, १३ पावाला. कणकेच्या जवळचं 'बोट मी ङुयेन काम', म्हणजे कोंड्यासकट. त्यात कोंडा जाड असतो. चाळून घ्या, पाणी थोडं जास्त घाला आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, नाहीतर पोळी लाटताना तुटते. रोजच्या पोळ्यांसाठी भारतीय दुकानातला आटा घेणंच सोयीचं; शहरात अशी दुकानं आहेत आणि घरपोच देतात.

डाळींत मूगडाळ सर्रास मिळते. 'डाऊ सान का वो' असं मागा, दक्षिणेत 'वो'चा उच्चार 'यो' करतात. पिवळी, सालं काढलेली, गोड पदार्थांसाठी ते वापरतात. अख्खे मूग नुसते 'डाऊ सान'. 'डाऊ ट्रांग' म्हणजे शब्दशः पांढरे दाणे, पण त्या आपल्या चवळ्या आहेत. 'डाऊ गा' म्हणजे छोले. शेंगदाणे 'डाऊ फोंग'. हनोईकडे 'लाक' म्हणतात, सायगावात (हो ची मिन्ह सिटीचं जुनं, अजून बोलण्यातलं नाव) तो शब्द चालत नाही. तूरडाळ साध्या बाजारात नसते, ती भारतीय दुकानातूनच. साबुदाण्यासारखे दिसणारे 'बोट बांग' खिचडीसाठी घेऊ नका. आपला साबुदाणा कारखान्यात भाजून किंवा वाफवून अर्धवट शिजलेला असतो, म्हणून भिजवला तरी दाणा राहतो. ते कच्चे असतात; पाण्यात ठेवले की लगदा होतो. थेट उकळत्या दुधात टाकून खीर मात्र छान होते.

भाज्या पाहून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. मायाळू म्हणजे 'मोंग तोय', तांबडा माठ 'येन डो', नाळीची भाजी 'राऊ मूअंग', भेंडी 'डाऊ बाप', दुधी 'बाऊ', कारलं 'खो क्वा'. कोथिंबीर मागताना 'न्गो री' असं पूर्ण म्हणा. नुसतं 'न्गो' म्हटलं तर लांब, दातेरी पानांची 'न्गो गाय' हातात पडू शकते. तिचा वास कोथिंबिरीच्या चौपट, मूठभर टाकली तर कोशिंबीर खाववत नाही. मिरच्यांत बारीक 'ओत हिएम' जाळ तिखट, लांब 'ओत सुंग' बेताची. नारळाचा एक घोळ लक्षात ठेवा : 'युआ खो' म्हणजे शब्दशः सुका नारळ, पण तो आपला नेहमीचा ओला, तयार नारळ. शहाळं म्हणजे 'युआ तुअय'. बाजारात यंत्रावर समोर खवून देतात. गुळाऐवजी 'डूअंग थोट नोट' म्हणजे आन्जांग प्रांताकडची ताडाची साखर; पुरणाला, सारणाला ती सुरेख लागते, फक्त आपल्या गुळापेक्षा पटकन पातळ होते, तेव्हा सारण जरा जास्त आटवा. चिंचेचा गोळा 'मे वात'.

मसाल्यांत दालचिनी आणि चक्रीफूल तिथलंच आणि उत्तम. जिऱ्याला 'थी ला आय काप' म्हणजे इजिप्तची शेपू असं नाव आहे. नुसतं 'थी ला' म्हणाल तर शेपूची जुडी मिळेल (तीही वाया जात नाही, मूगडाळ घालून भाजी करा).

शाकाहाराचा शब्द 'चाय'. आपला चहाच वाटेल, पण तो पाटीवर दिसला की ते दुकान शाकाहारी समजा. पुडीबंद वस्तूंवर तीन शब्द शोधा : 'नूअक माम' म्हणजे माशाचा सॉस, 'मऽ हेओ' म्हणजे डुकराची चरबी, आणि 'हात नेम' म्हणजे चवीची दाणेदार पूड, जिच्यात बहुतेकदा मांसाचा अर्क असतो. हात नेमची मशरूमची जात चाय असते. तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक चाय खातात. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात पौर्णिमा बघितली की त्या दिवशी चायचे ठेले जास्त लागणार, टोफू लवकर संपणार आणि फुलबाजारात झेंडू, शेवंती भरपूर येणार हे कळतं. गणपतीसाठी केळीची पानं भाजीबाजारात जुडीने मिळतात, फुलांना 'हो थी की' नावाचा बाजार.

आता बाजार. बेन थान्ह मार्केट १९१४ चं, शहराची खूण आहे, एकदा जरूर बघा; पण तिथले भाव पर्यटकांसाठी असतात. रोजच्या भाजीला घराजवळचा बाजार, तोही सकाळी सहा ते नऊ. बिन्ह ताय हा चो लोन भागातला १९२८ चा घाऊक बाजार. डबे, भांडी, सुके पदार्थ तिथे स्वस्त, पण बरेच गाळे 'सी' म्हणजे घाऊकच विकतात. आधी 'ले?' म्हणजे किरकोळ देता का, असं विचारा. जुलै २०२५ पासून शहराचे जुने विभाग अधिकृतपणे राहिलेले नाहीत, थेट वॉर्ड आहेत. लोक मात्र अजून 'क्वान १', 'क्वान ५' असंच बोलतात.

घासाघीस करायची ती करा, पण अगदी सकाळी नको. आपल्याकडे भवानी होते तशी तिथे 'मऽ हांग', दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाइकाने घासाघीस करून काहीच न घेता पाठ फिरवली तर दिवस वाईट जातो असं मानतात; काही जणी मग कागद पेटवून अपशकुन घालवतात. घ्यायचंच असेल तर सकाळी जा आणि ठरलेल्या भावात घ्या. नुसतं बघायचं असेल तर दहानंतर. 'माक क्वा' म्हणजे फार महाग, 'बऽत' म्हणजे कमी करा. वयाने मोठ्या बाईला 'को ओय', बहिणीच्या वयाचीला 'ची ओय' अशी हाक मारून बोला. सूर लगेच बदलतो.

भाव सांगताना हजार गाळतात. 'बा मुअय' म्हणजे तीस, म्हणजे ३०,००० डोंग, आपले साधारण शंभर रुपये. नोटांत २०,००० आणि ५,००,००० दोन्ही निळ्या. पाच लाखाची थोडी लांब असते, पण घाईत लक्षात येत नाही. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना शून्यं मोजा. १०,००० आणि २,००,००० यांच्या तपकिरी-लालसर रंगांतही संध्याकाळच्या उजेडात गफलत होते.

कापडासाठी तान दिन्ह बाजार, हाय बा च्युंग रस्त्यावरच्या गुलाबी चर्चजवळ. मीटरवर देतात, आधी 'खो' म्हणजे पन्हा विचारा, त्यावरून किती मीटर लागेल ते ठरतं. 'लुआ' म्हणजे रेशीम असं पुस्तकात असलं तरी बाजारात कुठल्याही गुळगुळीत कापडाला लुआ म्हणतात. खऱ्या रेशमाला 'लुआ तऽ ताम'. कडेचे चार धागे मागून जाळून बघा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. विक्रेते या परीक्षेला नाही म्हणत नाहीत, म्हणालेच तर पुढच्या गाळ्यावर जा. तयार कपड्यांचे माप आपल्यापेक्षा लहान असतात, आणि बायकांना ४० च्या, पुरुषांना ४३ च्या पुढचे जोडे सहज सापडत नाहीत. ते इथूनच न्या.

पाहुण्यांना द्यायला कॉफी घ्याल तर 'ङुयेन चात' म्हणजे निर्भेळ लिहिलेलीच. स्वस्त पुडीत भाजलेला सोयाबीन, मका मिसळतात. चमचाभर पूड गार पाण्यावर टाका; निर्भेळ बराच वेळ तरंगते, भेसळीची लगेच बुडून पाणी काळं करते. स्वस्तातली 'चोन' म्हणजे उदमांजराची कॉफी घेऊ नका, तिला बहुतेक नुसता वास लावलेला असतो.

ऑनलाइन मागवताना पैसे वस्तू हातात आल्यावर देण्याची सोय निवडा. पत्ता मात्र नीट शिका. १२३/४५/६ म्हणजे रस्त्यावरच्या १२३ क्रमांकापाशी गल्ली फुटते, तिच्यात ४५ पाशी पोटगल्ली, आणि तिच्यातलं ६ क्रमांकाचं घर. गल्लीला 'हेम' आणि तिरक्या रेघेला 'सेत' म्हणतात. एक आकडा गाळला तर पार्सल दुसऱ्याच दारात जातं. डिलिव्हरीवाला फोन करतो, त्याला इंग्रजी येत नसण्याचीच शक्यता जास्त. 'झालो' (Zalo) या तिथल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर पत्ता आणि फाटकाचा फोटो तयार ठेवा.

आता इथून न्यायचं : हिंग, आमसुलं, गोडा मसाला, सुकं खोबरं, ज्वारी-बाजरीचं थोडं पीठ, सुती कपडे, आणि शिट्टीचा कुकर दोन जादा रिंगा आणि व्हॉल्व्हसकट. भाड्याच्या घरांत बऱ्याचदा इंडक्शन शेगडी असते, तेव्हा कुकर स्टीलचा, इंडक्शनला चालणारा घ्या. ॲल्युमिनियमचा तापणारच नाही. मिक्सर चालतो, तिथेही २२० व्होल्ट ५० हर्ट्‌झ आहे. पण आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या दोन भोकांच्या सॉकेटात बसत नाही. मिक्सरला प्रवासाचा नाजूक अडॅप्टर लावू नका, तापून वितळतो. तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या. हेल्मेट तिथे घ्या, फक्त रस्त्यावरचं पातळ नको, 'सीआर' शिक्का बघून.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी तेत येतो, तिथलं नववर्ष. त्याच्या आधीचा आठवडा भाव चढतात आणि नंतर चार-पाच दिवस भाजीबाजार ओस पडतो. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार आणि १२ किलोचा गॅस सिलिंडर आणून देणारेही गावी जातात. तेव्हा त्या आधी जार भरून घ्या, सिलिंडर वापरत असाल तर तोही बदलून ठेवा, आणि मुलाचं दूध तिएत चूंगचं दहा दिवस पुरेल एवढं आणून ठेवा.