जुन्या गोव्यातल्या, दिवाडी बेटाला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्याचा इतिहास काय आहे?

आज तिथे फेरीबोटीसाठी दुचाक्यांची रांग लागते, पण एकेकाळी हा पोर्तुगीज राजधानीचा दर्शनी दरवाजा होता. नवा व्हाइसरॉय मांडवीतून येऊन इथेच उतरायचा. धक्क्यावरून वर येताना लागणारी जांभ्या दगडाची कमान वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को व्हाइसरॉय असताना (१५९७–१६००) उभी राहिली. नदीकडच्या अंगाला पणजोबांचा पुतळा, घराण्याची हौस दुसरं काय! १९४८ साली ती कोसळली. आज दिसते ती १९५४ची.

खरा इतिहास मात्र पलीकडच्या तीरावर. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, तेव्हा लिंग नदीपार डिचोलीतल्या नार्व्याला नेलं गेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरी आहे, तीही धरा.